लोणार सरोवरातील जनुकसंच संशोधन

लोणार सरोवरातील जनुकसंच संशोधन म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील खाऱ्या व अल्कधर्मी सरोवरात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या डीएनएचा पद्धतशीर अभ्यास होय. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून पुणे, हैदराबाद व परदेशातील संशोधकांनी या सरोवराच्या पाण्यात व गाळात अनेक नवे जिवाणू शोधले. त्यांपैकी काहींना स्वतंत्र प्रजातींचा दर्जा मिळाला असून एका जिवाणूच्या नावातच लोणारचा उल्लेख आहे. विदर्भातील विद्यार्थ्यांना जनुकसंचशास्त्राची ओळख करून देणारे हे सर्वांत जवळचे उदाहरण असल्याने या विषयातील शिक्षण, निधी व कार्यसंधी यांचा आढावाही प्रस्तुत लेखात घेतला आहे.

संज्ञा व स्वरूप

एखाद्या सजीवाच्या पेशीत असलेल्या संपूर्ण आनुवंशिक सामग्रीला जनुकसंच किंवा जीनोम म्हणतात. आनुवंशिकी ही शाखा मुख्यतः एकेका जनुकाचा व त्याच्या संक्रमणाचा विचार करते, तर जनुकसंचशास्त्र किंवा जीनोमिक्स सर्व जनुकांचा एकत्रित विचार करते. मानवी जनुकसंचात सुमारे ३ अब्ज अक्षरे (बेस जोड्या) आहेत. सामान्य जिवाणूच्या जनुकसंचात ही संख्या काही दशलक्ष असते. त्यामुळे जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचणे हे तुलनेने अल्प खर्चाचे काम असून पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रकल्पातही ते शक्य होते.

पाणी, माती किंवा गाळ यांच्या नमुन्यातील सर्व सूक्ष्मजीवांचा डीएनए एकत्र काढून वाचण्याच्या पद्धतीला परासमूह-जनुकशास्त्र किंवा मेटाजीनोमिक्स म्हणतात. निसर्गातील बहुसंख्य सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत वाढविता येत नाहीत. त्यांचा मागोवा या पद्धतीने घेता येतो. लोणारच्या अभ्यासात ही पद्धत विशेष उपयुक्त ठरली.

सरोवराची पार्श्वभूमी

लोणारचे विवर दख्खनच्या बेसाल्ट खडकात अशनीच्या आघाताने निर्माण झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. विवराचे वय तापदीप्ती पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षे मानले जात असे. पुढे आर्गॉन समस्थानिकांवर आधारित अभ्यासाने ते सुमारे ५.७ लाख वर्षे असल्याचे सुचविले. इ.स. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. येथील क्षारांचा उल्लेख त्याहून जुन्या ‘ऐन-ए-अकबरी’ या ग्रंथातही आढळतो.

सरोवराला बाहेर वाहून जाणारा प्रवाह नाही. झऱ्यांचे व पावसाचे पाणी आत येते आणि केवळ बाष्पीभवनाने कमी होते. त्यामुळे सोडियम कार्बोनेट, बायकार्बोनेट व मीठ यांचा संचय होऊन पाण्याचा सामू १० च्या आसपास राहतो. इतक्या अल्कधर्मी पाण्यात बहुतेक जलचर जगू शकत नाहीत. मात्र आर्थ्रोस्पायरा (स्पायरुलिना) हा नीलहरित जिवाणू येथे विपुल वाढतो आणि पाण्याला हिरवा रंग देतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने लोणारला राष्ट्रीय भूवारसा स्मारकाचा दर्जा दिला आहे. सन २००० मध्ये हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०२० मध्ये सरोवराचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत करण्यात आला. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातील हे दुसरे रामसर स्थळ होय.

संशोधनाचा इतिहास

सुरुवातीचे अभ्यास सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत वाढवून त्यांचे गुणधर्म तपासण्यापुरते मर्यादित होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत प्रज्ञा कानेकर व सहकाऱ्यांनी या सरोवरातील वाढविता येण्याजोग्या जिवाणूंचा अभ्यास केला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. अल्कधर्मी पाण्यात कार्यक्षम राहणारी विकरे धुण्याच्या भुकट्या व चामडे उद्योग यांना उपयुक्त असल्याने अशा जिवाणूंना औद्योगिक महत्त्वही आहे.

दरम्यान पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्या गटाने जनुकांच्या आधारे सरोवराचा अभ्यास सुरू केला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या गटाच्या शोधनिबंधात सूक्ष्मजीव न वाढविता, थेट गाळातून मिळविलेल्या डीएनएवरून त्यांची विविधता मांडण्यात आली. जिवाणूंची ओळख पटविण्यासाठी १६एस आरआरएनए या जनुकाचा उपयोग केला जातो. हे जनुक सर्व जिवाणूंत असते, परंतु त्याचा अनुक्रम प्रजातीनुसार बदलतो.

२०१० मध्ये याच केंद्रातील संशोधकांनी इंग्लंडमधील वॉरविक विद्यापीठाच्या जे. कॉलिन मरेल यांच्या सहकार्याने एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरोवरात मिथेन, मिथेनॉल व मिथिलअमाइन यांसारख्या एका कार्बन अणूच्या संयुगांवर कोणते जिवाणू जगतात, हा त्याचा विषय होता. त्यासाठी गाळाच्या नमुन्यांना जड कार्बन (कार्बन-१३) असलेली संयुगे देण्यात आली. जे जिवाणू ती संयुगे खातात, त्यांच्या डीएनएमध्ये जड कार्बन शिरतो व तो डीएनए वजनाने किंचित अधिक भरतो. वेगाने फिरणाऱ्या यंत्रात जड व हलका डीएनए वेगळा करता येतो आणि सरोवरात प्रत्यक्ष कार्यरत असलेले जिवाणू ओळखता येतात. मिथेन हा हरितगृह वायू असल्याने अशा जिवाणूंचा अभ्यास हवामानाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा मानला जातो.

याच कार्यातून वेगळ्या केलेल्या एका जिवाणूला २०१२ मध्ये मिथायलोफॅगा लोणारेन्सिस असे नाव देण्यात आले. पुढील वर्षी त्याच्या जनुकसंचाचा अनुक्रम प्रसिद्ध झाला. त्याआधी २०१० मध्ये हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रातील एस. शिवाजी यांच्या गटाने लोणारमधूनच इंडिबॅक्टर अल्कॅलिफिलस या नव्या प्रजातीचे वर्णन केले होते. २०१६ मध्ये राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राने उच्चक्षमता अनुक्रमण वापरून सरोवरातील सूक्ष्मजीवसमूहाच्या रचनेचा अधिक व्यापक अभ्यास प्रसिद्ध केला.

२०२० मधील रंगबदल

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी काही दिवस गुलाबी झाले. वन विभागाने पाण्याचे नमुने नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) व पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांच्याकडे पाठविले. गुलाबी रंगद्रव्य तयार करणाऱ्या लवणप्रिय आर्कियांची मोठ्या प्रमाणावर झालेली वाढ हे त्याचे कारण असल्याचे आघारकर संस्थेच्या तपासणीतून पुढे आले. पाणी आटल्याने क्षारता वाढली आणि त्या सूक्ष्मजीवांना अनुकूल स्थिती मिळाली. नमुने काही काळ स्थिर ठेवल्यावर हे सूक्ष्मजीव तळाशी बसून पाणी पुन्हा स्वच्छ दिसू लागले. या घटनेने सरोवरातील सूक्ष्मजीवांकडे प्रथमच सर्वसामान्य जनतेचे लक्ष वेधले गेले.

संशोधनाची कार्यपद्धती

जनुकसंच संशोधनाचे काम पुढील टप्प्यांनी होते.

१. नमुना संकलन : पाणी गाळून किंवा गाळ काढून नमुना थंड अवस्थेत प्रयोगशाळेत नेला जातो. त्याच वेळी तापमान, सामू, क्षारता व खोली यांची नोंद घेतली जाते. ही नोंद नसलेल्या नमुन्याचे पुढील विश्लेषण फारसे उपयोगी पडत नाही.

२. डीएनए वेगळा करणे : पेशी फोडून डीएनए शुद्ध केला जातो. क्षारयुक्त गाळातील अशुद्धींमुळे हा टप्पा लोणारच्या नमुन्यांत विशेष कष्टाचा असतो.

३. अनुक्रमण : डीएनएमधील अक्षरांचा क्रम यंत्राने वाचला जातो. फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये मांडलेली पद्धत आजही लहान तुकड्यांसाठी वापरात आहे. मोठ्या कामासाठी एकाच वेळी कोट्यवधी तुकडे वाचणारी यंत्रे वापरतात. नॅनोपोअर प्रकारचे यंत्र हातात मावण्याइतके लहान असू शकते.

४. जुळणी व अर्थनिर्धारण : वाचलेले तुकडे संगणकाद्वारे जोडले जातात, त्यांतील जनुके ओळखली जातात व ज्ञात जनुकांशी त्यांची तुलना केली जाते.

५. जतन व प्रसिद्धी : अनुक्रम आंतरराष्ट्रीय सार्वजनिक विदापेढ्यांत जमा केला जातो. नव्या जिवाणू प्रजातीला मान्यता मिळण्यासाठी तिचा जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतील संग्रहांत ठेवावा लागतो. पुण्यातील राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र हे भारतातील असे एक प्रमुख संग्रहालय आहे.

जिल्ह्याच्या शेती व आरोग्याशी संबंध

जनुकसंचशास्त्राचा बुलढाणा जिल्ह्याशी असलेला संबंध केवळ सरोवरापुरता मर्यादित नाही. जिल्ह्यातील सोयाबीन, कापूस, तूर व हरभरा या चारही प्रमुख पिकांचे जनुकसंच वाचले गेले आहेत. सोयाबीनचा जनुकसंच २०१० मध्ये, तर हरभऱ्याचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तुरीच्या बाबतीत भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी नागेंद्र कुमार सिंग यांच्या नेतृत्वाखाली २०११ मध्ये ‘आशा’ या वाणाचा जनुकसंच मांडला. त्याच सुमारास हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्थेच्या आंतरराष्ट्रीय गटानेही हे काम केले. वांझ रोग व मर यांना प्रतिकार करणारे वाण निवडताना अशा माहितीचा उपयोग होतो. रोपाची पाने तपासून त्यात प्रतिकारक जनुक आहे किंवा नाही हे कळते. त्यामुळे पीक तयार होईपर्यंत थांबावे लागत नाही. कापसाच्या बाबतीत नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ ही विदर्भातील प्रमुख केंद्रे आहेत. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळीने त्यातील विषारी प्रथिनांना प्रतिकार विकसित केल्यामुळे या अळीचा जनुकीय अभ्यास हा विदर्भातील शेतकऱ्यांच्या दृष्टीने निकडीचा विषय ठरला आहे.

कोविड-१९ साथीत विषाणूच्या जनुकसंचाचे अनुक्रमण सार्वजनिक आरोग्याचे साधन बनले. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र शासनाने १० प्रयोगशाळांचा ‘इन्साकॉग’ हा समूह स्थापन केला. त्यात पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था व राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र यांचा समावेश होता. २०२१ च्या प्रारंभी अमरावती विभागात रुग्णसंख्या वेगाने वाढली. त्या काळात महाराष्ट्रातील नमुन्यांत आढळलेल्या बी.१.६१७ या वंशावळीचीच एक शाखा पुढे ‘डेल्टा’ या नावाने जगभर पसरली. आनुवंशिक आजारांच्या बाबतीत विदर्भात सिकलसेल आजार हा गंभीर प्रश्न असून त्याच्या निर्मूलनासाठी जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू करण्यात आली. या मोहिमेत तपासणीइतकेच समुपदेशनालाही महत्त्व आहे.

शिक्षण

पदवीपर्यंतचे शिक्षण

या क्षेत्राकडे वळण्यासाठी बारावीला विज्ञान शाखा आवश्यक असते. जीवशास्त्राबरोबर गणित हा विषयही ठेवल्यास पुढे विदा-विश्लेषणाचा मार्ग मोकळा राहतो. बुलढाणा जिल्ह्यातील विज्ञान महाविद्यालये १९८३ मध्ये स्थापन झालेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र किंवा संगणकशास्त्र यांपैकी कोणत्याही विषयातील पदवीधराला पुढे जनुकसंचशास्त्राकडे वळता येते. कृषी पदवीधरांना वनस्पती जैवतंत्रज्ञान व पीक सुधारणा यांचा मार्ग उपलब्ध आहे.

बारावीनंतर थेट संशोधनाभिमुख शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी पुण्यासह देशात सात ठिकाणी भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था (आयसर) आहेत. तेथील पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाला आयसर अभियोग्यता चाचणीद्वारे प्रवेश मिळतो. भुवनेश्वरची नायसर आणि मुंबई विद्यापीठ व अणुऊर्जा विभाग यांचे संयुक्त मूलभूत विज्ञान केंद्र यांच्यासाठी ‘नेस्ट’ ही परीक्षा घेतली जाते.

पदव्युत्तर शिक्षण

केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने चालणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी ‘गॅट-बी’ ही प्रवेश परीक्षा असून निवड झालेल्या विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळते. भारतीय तंत्रज्ञान संस्थांतील (आयआयटी) एम.एस्सी. प्रवेशासाठी ‘जॅम’ परीक्षा द्यावी लागते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात जैवतंत्रज्ञान व जैवमाहितीशास्त्र यांचे दीर्घ परंपरा असलेले विभाग आहेत. अमरावती विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागांत सूक्ष्मजीवशास्त्र व जैवतंत्रज्ञान शिकविले जाते.

विद्यावाचस्पती (पीएच.डी.)

विज्ञान शाखेसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट, जैवतंत्रज्ञान विभागाची ‘बेट’ आणि ‘गेट’ या प्रमुख पात्रता परीक्षा आहेत. २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लावला जातो : अधिछात्रवृत्तीसह पात्र, सहायक प्राध्यापक व पीएच.डी. प्रवेशास पात्र, आणि केवळ पीएच.डी. प्रवेशास पात्र. मार्गदर्शकाची निवड करताना त्याचे अलीकडील शोधनिबंध वाचणे व प्रयोगशाळेत अल्पकाळ काम करून पाहणे उपयुक्त ठरते.

संगणकीय प्रशिक्षण

जनुकसंच संशोधनातील मोठा भाग संगणकावर होतो. लोणारसह जगभरातील सूक्ष्मजीवांचे अनुक्रम जेनबँक व तिच्याशी संलग्न युरोपीय व जपानी विदापेढ्यांत सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहेत. भारतातही फरिदाबाद येथे भारतीय जैविक विदा केंद्र कार्यरत आहे. लिनक्स, पायथन व आर या विनामूल्य साधनांची आणि सांख्यिकीची ओळख असलेला विद्यार्थी ग्रामीण महाविद्यालयात बसूनही या विदेवर काम करू शकतो. ‘गॅलक्सी’ या मुक्त संगणकीय मंचावर स्वतःचा शक्तिशाली संगणक नसतानाही विश्लेषण करता येते. ‘स्वयम्’ व ‘एनपीटीईएल’ यांवर संबंधित अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात.

निधी व अधिछात्रवृत्ती

विद्यार्थ्यांसाठी

बारावीच्या परीक्षेत आपल्या मंडळात वरच्या १ टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ‘इन्स्पायर’ योजनेत वर्षाला ८०,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. तीन राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या संयुक्त उन्हाळी संशोधन योजनेत विद्यार्थी व शिक्षक या दोघांनाही नामवंत प्रयोगशाळेत सुमारे दोन महिने काम करण्याची संधी मिळते. लहान गावातील महाविद्यालयांसाठी ही योजना विशेष उपयुक्त आहे.

पीएच.डी. करणाऱ्या कनिष्ठ अधिछात्राला १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व ज्येष्ठ अधिछात्राला ४२,००० रुपये, त्याखेरीज नियमानुसार घरभाडे भत्ता, असे दर केंद्र शासनाने लागू केले आहेत. महाराष्ट्र शासनाच्या स्वायत्त संस्थाही पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती देतात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी पुण्याची ‘बार्टी’, मराठा व कुणबी समाजातील विद्यार्थ्यांसाठी पुण्याची ‘सारथी’ आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी नागपूरची ‘महाज्योती’ या संस्था कार्य करतात. केंद्र शासनाच्या अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहेत. परदेशी शिक्षणासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, फुलब्राइट-नेहरू अधिछात्रवृत्ती, जर्मनीची ‘डाड’ व युरोपीय संघाची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी योजना हे पर्याय आहेत.

पीएच.डी.नंतर राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल अधिछात्रवृत्ती, तसेच परदेशातून परतणाऱ्या संशोधकांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी अधिछात्रवृत्ती उपलब्ध आहे. कौटुंबिक कारणाने संशोधनात खंड पडलेल्या स्त्रियांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘वाईज-किरण’ कार्यक्रमात योजना आहेत.

शिक्षक व महाविद्यालयांसाठी

१९८६ मध्ये स्थापन झालेला जैवतंत्रज्ञान विभाग हा या क्षेत्रातील संशोधनाचा प्रमुख शासकीय आधार आहे. त्याच्या ‘स्टार महाविद्यालय’ योजनेतून पदवी स्तरावरील प्रयोगशाळांना साहाय्य मिळते. २०२३ च्या अधिनियमाने निर्माण झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात पूर्वीचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ विलीन झाले. राज्यातील महाविद्यालयांच्या अध्यापकांना आपली नोकरी सांभाळून राष्ट्रीय संस्थेत काही काळ संशोधन करू देणारी ‘टेअर’ ही योजना या मंडळाने सुरू केली होती. राज्य पातळीवर राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग प्रकल्पांना निधी देतो. एप्रिल २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाराष्ट्र जनुक कोश’ या प्रकल्पास पाच वर्षांसाठी १७२.३९ कोटी रुपयांची मान्यता दिली. स्थानिक पिकांचे वाण, देशी पशुधन, गोड्या पाण्यातील व सागरी जैवविविधता अशा विषयांचे दस्तऐवजीकरण व संवर्धन हा त्याचा उद्देश आहे.

कार्यसंधी

जनुकसंचशास्त्रातील कामाचे स्थूलमानाने पाच प्रकार आहेत.

• संशोधन व अध्यापन : विद्यापीठे, महाविद्यालये व राष्ट्रीय संस्थांतील शास्त्रज्ञ किंवा अध्यापक. कायम पदासाठी बहुधा पीएच.डी. व त्यानंतरचा अनुभव अपेक्षित असतो.

• प्रकल्प साहाय्यक व तंत्रज्ञ : पदव्युत्तर पदवीनंतर लगेच मिळू शकणारी, परंतु प्रकल्पाच्या मुदतीपुरती असणारी पदे.

• जैवमाहितीतज्ज्ञ : अनुक्रमांचे संगणकीय विश्लेषण करणारे तज्ज्ञ. संगणक पदवीधरांनाही येथे वाव असतो.

• रोगनिदान व समुपदेशन : रुग्णालये व निदान प्रयोगशाळांत आनुवंशिक चाचण्या करणे, तसेच चाचणीचा अर्थ कुटुंबाला त्यांच्या भाषेत समजावून सांगणे. सिकलसेल व थॅलेसेमिया यांच्या संदर्भात मराठी व आदिवासी बोली जाणणाऱ्या समुपदेशकांचे महत्त्व मोठे आहे.

• कृषी व उद्योग : बियाणे, लस, औषध व विकर निर्मिती. बुलढाण्याला लागून असलेला जालना जिल्हा बियाणे उद्योगाचे जुने केंद्र आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तेथे ‘महिको’ची स्थापना केली. लस उद्योगाचे मोठे केंद्र पुणे येथे आहे.

देशपातळीवर ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने सुमारे १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांचे अनुक्रमण केले असून त्याची विदा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली करण्यात आली. या विदेचा अर्थ लावण्यासाठी प्रशिक्षित मनुष्यबळाची गरज आहे.

परवानग्या व कायदे

लोणार सरोवर अभयारण्यात असल्याने तेथून पाणी, गाळ किंवा कोणताही जीव संशोधनासाठी घेण्यापूर्वी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन विभागाची परवानगी घ्यावी लागते. महाविद्यालयीन प्रकल्पांनाही हा नियम लागू आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार भारतातील जैविक सामग्री परदेशी संशोधकांना वापरण्यासाठी किंवा तिच्यावर आधारित एकस्व (पेटंट) मिळविण्यासाठी चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी संबंधित तरतुदींचे पालन करावे लागते. राज्यात नागपूर येथील महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या हे काम पाहतात. जैविक सामग्रीच्या व्यापारी उपयोगातून होणाऱ्या लाभात स्थानिक समाजाला न्याय्य वाटा मिळावा, हे या कायद्यामागील तत्त्व आहे.

मात्र एकदा अनुक्रम मुक्त विदापेढीत जमा झाला की मूळ नमुन्याला स्पर्श न करताही जगातील कोणतीही संस्था त्याचा उपयोग करू शकते. खुल्या विदेचा लाभ ग्रामीण विद्यार्थ्याला होतो, तसाच तो मोठ्या उद्योगालाही होतो. ‘अंकीय अनुक्रम माहिती’ या नावाने हा प्रश्न जैवविविधतेच्या आंतरराष्ट्रीय करारात चर्चिला गेला आणि अशा लाभाच्या वाटपासाठी जागतिक निधी उभारण्याचा निर्णय झाला.

अडचणी व मर्यादा

लोणारच्या संशोधनापुढील सर्वांत मोठा प्रश्न सरोवराच्या स्वतःच्या टिकावाचा आहे. येथील सूक्ष्मजीव विशिष्ट सामू व क्षारतेवर अवलंबून आहेत. गोड्या पाण्याचा ओघ वाढल्यास क्षारता घटते. सांडपाणी व शेतीतील खतांचा अंश मिसळल्यास पोषकद्रव्यांचे प्रमाण बदलते. सरोवराच्या संवर्धनाबाबतच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे सुनावणी झालेली आहे. एखादा सूक्ष्मजीव नाहीसा झाल्यास तो पक्षी किंवा प्राण्याप्रमाणे कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून ठरावीक ऋतूंत, ठरावीक ठिकाणांहून वर्षानुवर्षे घेतलेल्या नमुन्यांची आवश्यकता आहे. असे सातत्यपूर्ण काम दूरच्या शहरांतून येणाऱ्या अल्पमुदतीच्या प्रकल्पांपेक्षा जवळच्या महाविद्यालयांना अधिक सुकर आहे. सामू, तापमान व क्षारता यांची मासिक नोंद ठेवण्यास महागडी यंत्रे लागत नाहीत.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने भाषा ही एक अडचण आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्यास अकरावीपासून विज्ञान बहुतांशी इंग्रजीतून शिकावे लागते आणि या विषयावरील मराठी संदर्भसाहित्य अत्यल्प आहे. अनुक्रमण यंत्रे मोजक्या शहरांत केंद्रित असल्याने नमुने बाहेर पाठवावे लागतात. प्रकल्पांवरील पदे तात्पुरती असतात आणि कायम पदांची भरती अनियमित असते. अधिछात्रवृत्तीची रक्कम वेळेवर मिळत नसल्याच्या तक्रारी संशोधक विद्यार्थ्यांनी देशभर वेळोवेळी मांडल्या आहेत. पीएच.डी.साठी सामान्यतः पाच ते सहा वर्षे लागतात. त्या काळात कुटुंबाला आर्थिक आधार देण्याची जबाबदारी असलेल्या विद्यार्थ्याने निधीचा विचार प्रवेशापूर्वीच करणे आवश्यक ठरते. पदव्युत्तर पदवीनंतर जैवमाहितीशास्त्र, निदान प्रयोगशाळा किंवा बियाणे उद्योग यांत नोकरी स्वीकारून पुढे संशोधनाकडे वळणे हाही एक मान्य मार्ग आहे.

शासकीय योजनांचे नियम, वयोमर्यादा, उत्पन्नमर्यादा व रकमा वेळोवेळी बदलतात. अर्ज करण्यापूर्वी संबंधित संस्थेची चालू वर्षाची अधिसूचना पाहणे आवश्यक असते.

हेही पहा

• लोणार सरोवर
• बुलढाणा जिल्हा
• संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ
• आघारकर संशोधन संस्था
• राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र
• डीएनए
• रामसर करार